अपील चालू असताना व्हीएकडे नवा क्लेम: तारीख कशी राखायची, पुरावा कुठे द्यायचा

"अपील चालू आहे ना? मग निकाल लागेपर्यंत गप्प बस. नवं काही घालायला गेलास तर सगळंच अडकेल." अमेरिकेच्या सैन्यात नोकरी करून बाहेर पडलेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो, आणि देणारा बहुधा आधीच्या पिढीतला सैनिक असतो. त्याच्या काळी तो अगदीच चुकीचा नव्हता. व्हीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, तेव्हा फायली कागदी होत्या. फाईल अपीलसाठी वॉशिंग्टनला गेली की इकडच्या प्रादेशिक कार्यालयाला नव्या दाव्यावर काम करायला हातात फाईलच नसे. आता ती संगणकावर असते. अपील ऐकणारा व्हीएच्या अपील बोर्डाचा न्यायाधीश आणि नवा क्लेम तपासणारा कर्मचारी एकाच वेळी तीच फाईल उघडू शकतात. नव्या क्लेममुळे अपीलचा रांगेतला नंबर मागे जात नाही, आणि अपील पडून आहे एवढ्या कारणावरून व्हीए नवा क्लेम नाकारूही शकत नाही.

गप्प बसण्याची किंमत मात्र पैशांत मोजावी लागते. सेवेमुळे झालेल्या दुखण्याबद्दल व्हीए देतं ती भरपाई सर्वसाधारणपणे क्लेम मिळाल्याच्या तारखेपासून किंवा हक्क निर्माण झाल्याच्या तारखेपासून, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून धरली जाते. दुखणं दहा वर्षांचं असलं तरी क्लेम आज केला तर पैसे साधारण आजपासून. (सैन्यातून सुटल्यावर वर्षाच्या आत क्लेम केला तर सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.) बोर्डाकडचं अपील वर्ष-दीड वर्ष सहज चालतं, कधी त्याहून जास्त. तेवढे महिने नवा क्लेम खिशात ठेवला तर तेवढ्या महिन्यांची भरपाई गेली.

हे मराठीत लिहायचं कारण असं की २००९ ते २०१६ या काळात अमेरिकन सैन्याच्या 'मॅव्हनी' योजनेतून भारतात जन्मलेली बरीच मुलं भरती झाली. डॉक्टरी पेशातल्यांना आणि ठरावीक भाषा येणाऱ्यांना ही वाट खुली होती, आणि त्या भाषांत हिंदी होती. त्यातले मराठी घरांतले आता माजी सैनिक आहेत, आणि त्यांचे कागद कधी कधी पुण्या-नाशकातल्या आईवडिलांच्या कपाटातही असतात.

पहिलं काम: मुद्दे सुटे करा

व्हीएच्या कारभारात 'अपील' हा एकच गठ्ठा नसतो. निकालपत्रात प्रत्येक दुखण्याचा वेगळा निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णय हा स्वतंत्र मुद्दा. सातबाऱ्यावरच्या वेगवेगळ्या गटांसारखं समजा: एका गटावर वाद चालू असला म्हणून शेजारच्या गटाचा व्यवहार थांबत नाही. १९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या अपील सुधारणा कायद्यात निर्णयाविरुद्ध तीन वाटा आहेत. नवा पुरावा असेल तर पुरवणी क्लेम, फॉर्म २०-०९९५. त्याच पुराव्यावर वरिष्ठाकडून फेरतपासणी हवी असेल तर हायर-लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६. आणि बोर्डाकडे जायचं असेल तर फॉर्म १०१८२. पाठदुखी एका वाटेने आणि कानातला आवाज दुसऱ्या वाटेने नेता येतो. एकच मुद्दा मात्र एकाच वेळी दोन वाटांवर चालत नाही.

म्हणून "अपील चालू असताना नवा क्लेम करता येईल का?" याचं उत्तर मुद्दा खरंच नवा आहे का यावर ठरतं. निकालपत्र समोर घ्या, एका कागदावर अपीलमधले मुद्दे लिहा, शेजारी आत्ता मागायचंय ते लिहा, आणि एकेक ताडून बघा.

काही गोष्टी उघड आहेत. कानाच्या मुद्द्यावर अपील आहे आणि आता झोपेत श्वास अडकण्याचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं निदान झालं, तर तो नवा मुद्दा. फॉर्म २१-५२६ईझेड भरा. मंजूर असलेल्या आणि अपीलमध्ये नसलेल्या गुडघ्याचं दुखणं वाढलं तर टक्केवारी (दुखणं किती गंभीर ते सांगणारा आकडा, पैसे त्यावरच ठरतात) वाढवण्याचा क्लेम, तोही २१-५२६ईझेडवरच. आधी नाकारलेला आणि अपीलमध्ये नसलेला आजार पुन्हा मागायचा असेल तर मात्र २१-५२६ईझेड चालत नाही, तिथे २०-०९९५ आणि सोबत नवा, संबंधित पुरावा लागतो. हा घोळ फार जण करतात: नाकारलेलीच गोष्ट नव्या क्लेमच्या फॉर्मवर पुन्हा लिहितात आणि महिनाभराने 'चुकीचा फॉर्म' असं पत्र येतं.

अवघड आहेत त्या मधल्या गोष्टी. मानसिक आजारांचं उदाहरण घ्या. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतरचा मानसिक आजार, नाकारलं म्हणून अपील केलं आणि आता डॉक्टर नैराश्य म्हणतात. हा नवा मुद्दा वाटतो, पण क्लेम निदानाच्या नावापुरता मर्यादित नसतो, त्या लक्षणांमागचा दुसरा मानसिक आजारही त्यात येऊ शकतो, असं न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे. शिवाय व्हीए बहुतेक मानसिक आजारांना एकाच मोजपट्टीने टक्केवारी देतं आणि एकाच लक्षणाचे पैसे दोनदा देत नाही. अशा वेळी वेगळा क्लेम करण्यापेक्षा नवं निदान चालू अपीलच्या वाटेवर कसं आणता येईल ते आधी बघा.

दुसरी मधली गोष्ट: गुडघ्याला १० टक्के मिळाले, ते कमी आहेत म्हणून अपील केलं, आणि अपील चालू असतानाच गुडघा आणखी बिघडला. बोर्डासमोर आहे तो निकालापर्यंतच्या काळाचा प्रश्न, नंतरचा बिघाड नाही. म्हणून पुढच्या काळासाठी वाढीचा क्लेम करण्याला अर्थ असू शकतो. पण इथे अपील आणि क्लेम एकमेकांच्या इतके जवळ येतात की प्रतिनिधीशी (तुमचं काम बघणाऱ्या वकिलाशी किंवा संस्थेशी) बोलल्याशिवाय सही करू नका.

दुसरं काम: तारीख पकडा

मुद्दा नवा आहे हे ठरलं की त्याच दिवशी 'इंटेंट टू फाईल', म्हणजे क्लेम करणार असल्याची नोंद, करा. याचा फॉर्म २१-०९६६, पण कागद भरायलाच हवा असं नाही. व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून २१-५२६ईझेड भरायला सुरुवात केली की ही नोंद आपोआप होते, १-८००-८२७-१००० या क्रमांकावर फोन करूनही होते. नोंद झाल्यापासून पूर्ण क्लेम द्यायला एक वर्ष मिळतं, आणि वर्षाच्या आत तो दिला तर क्लेमची तारीख म्हणून नोंदीचीच तारीख धरतात.

समजा नोंद ५ जून २०२५ ला झाली आणि कागद गोळा करून क्लेम दिला एप्रिल २०२६ मध्ये. मंजूर झाला आणि आजार आधीपासून होता असं दिसलं, तर तारीख ५ जून २०२५. प्रत्यक्ष पैसे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतात, म्हणजे १ जुलै २०२५ पासून.

यात एक खाच आहे. एका नोंदीला पहिला पूर्ण क्लेमच जोडला जातो. नोंद केल्यावर घाईने फक्त स्लीप ॲप्नियाचा क्लेम दिलात आणि तीन महिन्यांनी सायनसचा वेगळा दिलात, तर सायनसला जुन्या तारखेचा फायदा नाही. म्हणून वर्षभरात जे जे मागायचंय ते एकाच २१-५२६ईझेडमध्ये घाला. काही राहिलंच तर पहिला क्लेम पाठवल्यावर लगेच दुसरी नोंद करून ठेवा.

वाढीच्या क्लेमला एक वेगळी मुभा आहे. क्लेमच्या आधीच्या एका वर्षात दुखणं वाढल्याचं कागदावर दिसत असेल तर तारीख त्या वाढीपर्यंत मागे जाऊ शकते. त्यासाठी त्या वर्षातले डॉक्टरांचे कागद हवेत, नुसतं तुमचं म्हणणं सहसा पुरत नाही.

तिसरं काम: एकातून दुसरं निघत असेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ याचा होतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

व्हीएमध्ये 'सेकंडरी' क्लेम असतो: सेवेमुळे झालेल्या एका दुखण्यामुळे दुसरं दुखणं झालं किंवा आधीचं बळावलं, तर दुसऱ्याचीही भरपाई मागता येते. डावा गुडघा अधू, म्हणून चालताना वजन उजवीकडे, म्हणून उजवा खुबा गेला. पण गुडघाच व्हीएने नाकारलेला असेल आणि त्याचंच अपील चालू असेल, तर खुब्याचा क्लेम उभा राहायला पायाच नाही. आत्ता दिला तर बहुधा नाकारला जाईल. नाही दिला तर गुडघ्याचं अपील दोन वर्षांनी जिंकूनही खुब्याचे पैसे नव्या क्लेमच्या तारखेपासूनच मिळतील, कारण गुडघ्याची जुनी तारीख खुब्याला आपोआप लागत नाही.

माझ्या मते शहाणपणाचा क्रम असा. आधी इंटेंट टू फाईल करून वर्ष मोकळं करा. त्या वर्षात अपीलचा निकाल लागला तर उत्तम, त्याच्या आधारावर क्लेम द्या. नाही लागला तर वर्ष संपायच्या आधी क्लेम देऊन टाका, आणि त्यात स्पष्ट लिहा की मूळ दुखण्याचं अपील प्रलंबित आहे. खुब्याचा सेवेशी थेट संबंध जोडता येत असेल तर तोही लिहा. पॅराशूटच्या उड्या, जड ओझ्याच्या लांब पल्ल्याच्या चाली, पडल्याची नोंद. क्लेम फक्त सेकंडरी म्हणून मांडायचं बंधन नाही.

नकार आला तर घाबरू नका, पण झोपूही नका. नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत तीनपैकी कुठल्याही वाटेने तो मुद्दा पुढे नेला की जुनी तारीख जिवंत राहते. पुढच्या प्रत्येक निर्णयानंतर पुन्हा वर्षाच्या आत हालचाल केली की ती तशीच टिकते. अशा रीतीने खुब्याचा मुद्दा गुडघ्याच्या निकालापर्यंत तगवता येतो. गुडघा मंजूर झाल्याचं निकालपत्र हाच मग खुब्यासाठी नवा पुरावा.

चौथं काम: पुरावा कुठल्या टेबलावर जातोय ते बघा

फाईल एकच असली तरी प्रत्येकाला तिच्यातलं सगळं वाचायची मुभा नाही. लोक नव्या क्लेमसोबत एखाद्या डॉक्टरचं दणदणीत पत्र जोडतात आणि मानतात की आता ते बोर्डाच्या न्यायाधीशालाही दिसेल. दिसेलही, पण विचारात घेता येणार नाही.

बोर्डाकडे तीन रांगा असतात. थेट तपासणीच्या रांगेत न्यायाधीश फक्त ज्या निर्णयाविरुद्ध अपील आहे त्याच्या दिवसापर्यंतचा पुरावा बघतो. पुरावा देण्याच्या रांगेत फॉर्म १०१८२ सोबत आणि बोर्डाला तो मिळाल्यापासून ९० दिवसांत दिलेलं चालतं. सुनावणीच्या रांगेत सुनावणीच्या वेळी आणि नंतरच्या ९० दिवसांत. या खिडक्यांच्या बाहेर फाईलमध्ये आलेला कागद न्यायाधीशासाठी नसल्यासारखाच. हायर-लेव्हल रिव्ह्यूमध्ये तर नवा पुरावा मुळीच नाही. तिथे फोनवर अनौपचारिक बैठक मागता येते, पण तीही आधीच्या निर्णयातल्या चुका दाखवण्यासाठी.

नव्या क्लेमसाठी मिळालेला कागद जुन्या अपीललाही उपयोगी असेल तर काय करायचं? रांग बदलता येते: निकालपत्रापासून एक वर्ष किंवा बोर्डाला फॉर्म मिळाल्यापासून ६० दिवस, यांतली जी मुदत नंतर संपते तोपर्यंत. ती गेली असेल पण निकालपत्राला अजून वर्ष झालं नसेल, तर अपील मागे घेऊन त्या मुद्द्याचा पुरवणी क्लेम देता येतो आणि तारीख टिकते. वर्ष उलटल्यावर मात्र अपील मागे घेऊ नका, तारीख जाईल. तेव्हा बोर्डाचा निकाल लागू द्या. विरुद्ध गेला तर त्यानंतर वर्षाच्या आत तोच कागद घेऊन पुरवणी क्लेम करा, जुनी तारीख शाबूत राहते. (माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात जायचं असेल तर मुदत बोर्डाच्या निकालापासून १२० दिवसांची.)

उलट दिशेनेही फायदा होतो. व्हीएच्या निकालपत्रात 'फेव्हरेबल फाइंडिंग्ज' असा भाग असतो: तुमच्या बाजूने मान्य केलेल्या गोष्टी. उदाहरणार्थ, तुम्ही अमुक काळात बर्न पिटच्या, म्हणजे कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या, धुरात होता. ही मान्यता पुढच्या प्रत्येक कर्मचाऱ्यावर आणि बोर्डावर बंधनकारक असते, ती उघड चूक असल्याचं पुराव्याने दाखवल्याशिवाय मोडता येत नाही. नव्या क्लेममध्ये मिळालेली अशी ओळ जुन्या मुद्द्यालाही लागू होते का, ते नक्की तपासा.

इराक, अफगाणिस्तान किंवा आखातात राहिलेल्यांनी १० ऑगस्ट २०२२ ला सही झालेल्या पॅक्ट कायद्याची यादी बघावी. दम्यापासून जुनाट सायनसपर्यंत आणि अनेक कर्करोगांपर्यंत बरेच आजार त्यात आहेत. त्या आजारांचा सेवेशी संबंध स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागत नाही. निदान आणि ठरावीक ठिकाणची, ठरावीक काळातली सेवा दाखवली की पुरतं.

यादीत नसलेल्या आजाराला तीन गोष्टी लागतात: आजचं निदान, सेवेतली घटना किंवा संपर्क, आणि दोघांना जोडणारं डॉक्टरी मत. त्या मतात संबंधाची शक्यता निदान निम्मी आहे असं स्पष्ट यायला हवं. 'असू शकतं' असं लिहिलेलं पत्र व्हीए बाजूला ठेवतं. रिझर्व्हमध्ये असलेल्यांनी 'लाइन ऑफ ड्यूटी'चा, म्हणजे इजा ड्यूटीवर असताना झाली असं सैन्याने ठरवल्याचा, कागद आधी शोधावा. आठवड्याच्या शेवटच्या सरावात झालेली इजा त्याशिवाय सिद्ध करणं जड जातं.

घरच्यांची साक्षही चालते, फॉर्म २१-१०२१०. सुट्टीवर आलेला मुलगा जिना चढताना कठड्याला धरून थांबत होता, रात्री ओरडत उठायचा, हे आईने पाहिलं असेल तर ते तिने सांगावं. तिने पाहिलं तेवढंच, 'त्याला पीटीएसडी आहे' हे तिने सांगायचं नाही. आई मराठीतच सांगणार असेल तर मूळ मराठी निवेदन, इंग्रजी अनुवाद आणि अनुवाद कोणी केला त्याची सही, असं तिन्ही जोडा. पुण्यात काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट बहुधा इंग्रजीतच असतो, तो मागवून घ्या. खासगी अमेरिकन दवाखान्यातले कागद व्हीएने आणावेत असं वाटत असेल तर फॉर्म २१-४१४२ सही करून द्या, पण मला विचाराल तर स्वतः आणून दिलेले बरे.

आणि जे लिहाल ते अपीलमध्ये आधी लिहिलेल्याशी ताडून बघा. अपीलमध्ये पाठदुखी २०१३ च्या सरावापासून, आणि नव्या क्लेममध्ये २०१६ पासून, असं निघालं तर दोन्हीकडे विश्वास उडतो.

तपासणी, आणि भारतातली सुट्टी

नवा क्लेम म्हटला की बहुधा नवी सी अँड पी तपासणी, म्हणजे भरपाई ठरवण्यासाठीची डॉक्टरी तपासणी, आली. ती आता बरेचदा कंत्राटी कंपनीचे डॉक्टर करतात आणि बोलावणं अनोळखी नंबरवरून येतं. डिसेंबरमध्ये दीड महिना गावी लग्नाला गेलात, अमेरिकन फोन बंद, पत्र पेटीत पडून, आणि तपासणी हुकली, तर वाढीचा क्लेम सरळ नाकारला जाऊ शकतो. पहिल्यांदाच केलेला क्लेम असेल तर हाताशी असलेल्या कागदांवर निर्णय होतो, जो बहुधा तुमच्या विरुद्ध असतो. योग्य कारण असेल तर नवी तारीख मिळते, पण जायच्या आधी कळवणं कितीतरी सोपं. प्रवासाच्या तारखा व्हीएला आणि प्रतिनिधीला लेखी द्या.

तपासणीला आपली माणसं एक चूक फार करतात: "चालतंय, ठीक आहे" म्हणतात. कसे आहात या प्रश्नाला ठीक म्हणायची सवय घरात उपयोगी असेल, इथे ती टक्केवारी खाते. सगळ्यात वाईट दिवशी काय होतं, महिन्यातून किती वेळा, काम किती दिवस बुडतं, ते सांगा. वाढवूनही सांगू नका, डॉक्टर तुम्हाला गाडीतून उतरतानाही बघत असतो.

धोका एवढाच की वाढ मागितलेल्या दुखण्यात सुधारणा दिसली तर व्हीए टक्केवारी कमी करायचा प्रस्ताव ठेवू शकतं. मिळणारी रक्कम कमी होणार असेल तर आधी लेखी सूचना द्यावी लागते, उत्तरादाखल पुरावा द्यायला ६० दिवस आणि कपातीआधी सुनावणी मागायला ३० दिवस मिळतात. पाच वर्षं स्थिर राहिलेली टक्केवारी एका तपासणीवर उतरवणं व्हीएला अवघड असतं. दहा वर्षं झाली की फसवणूक किंवा सेवेच्या नोंदीतला मूलभूत दोष सोडला तर सेवेशी जोडलेला संबंध तोडता येत नाही. वीस वर्षं टिकलेली टक्केवारी फसवणुकीशिवाय खाली येत नाही. तुमचं दुखणं यात कुठे बसतं ते बघून मगच वाढ मागा. पूर्ण नव्या आजाराच्या क्लेमला हा धोका फारसा नसतो.

प्रतिनिधी बदलताना सांभाळा

अपील वकिलाकडे आहे, आणि नवा क्लेम फुकट करून देणारी डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू किंवा अमेरिकन लिजनसारखी माजी सैनिकांची संस्था जवळच आहे. मनात येतं, अपील वकील बघेल आणि क्लेम संस्था. पण संस्थेचा फॉर्म २१-२२ सही केला की आधीच्या वकिलाचं मुखत्यारपत्र साधारणपणे रद्द होतं, अपीलमधूनही. वकिलाचं मुखत्यारपत्र, फॉर्म २१-२२ए, ठरावीक मुद्द्यांपुरतं मर्यादित ठेवता येतं, पण ते कागदावर तसं लिहिलेलं असावं लागतं. म्हणून सही करायच्या आधी वकिलाला फोन करा.

पैशांचंही तिथेच विचारून घ्या. पहिला निर्णय येईपर्यंत क्लेम तयार करण्याबद्दल वकिलाला किंवा एजंटला फी घेता येत नाही. नंतरच्या कामासाठी मागच्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते, एक तृतीयांशाच्या वर गेली तर अवाजवी. जुन्या करारात नवा क्लेमही धरलाय का ते वाचा. "टक्केवारी वाढली तर वाढीव मासिक रकमेच्या काही पट द्या" म्हणणाऱ्या कंपन्यांपासून लांबच राहा. व्हीएची मान्यता नसलेल्या माणसाला क्लेम तयार करून द्यायचा अधिकारच नाही, आणि मान्यता आहे की नाही ते व्हीएच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहता येतं.

पाठवणं आणि हिशेब

नवा क्लेम ऑनलाइन द्या. कागदीच द्यायचा तर विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या एव्हिडन्स इंटेक सेंटरला. बोर्डाच्या अपीलचे कागद वेगळे, ते वॉशिंग्टनच्या बोर्डाला. प्रत्येक कागदावर तो कुठल्या मुद्द्यासाठी आहे ते लिहा. मुद्दा, फॉर्म, पाठवल्याची तारीख, निकालपत्राची तारीख आणि त्यापासून वर्ष कधी संपतं, असे पाच रकाने एका तक्त्यात ठेवा. वर्ष मोजायचं ते पत्रावरच्या तारखेपासून, तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही.

दहा टक्क्यांचा नवा क्लेम कशाला, असं वाटत असेल तर व्हीएचं गणित बघा. टक्के सरळ बेरजेने वाढत नाहीत. ६० टक्के आधीचे आहेत, नव्या क्लेममध्ये ३० मिळाले: उरलेल्या ४० चे ३० टक्के म्हणजे १२, एकूण ७२, पैसे ७० च्या दराने. मग अपीलमध्ये साधे १० मंजूर झाले: उरलेल्या २८ चे दहा टक्के २.८, बेरीज ७४.८, पूर्णांकात ७५, आणि दहाच्या पटीत ८०. त्या दहाने पूर्ण एक पायरी चढवली. दोन निकाल वेगवेगळ्या तारखांना आले तरी व्हीए प्रत्येक मुद्द्याच्या आपापल्या तारखेपासून एकत्र टक्केवारी पुन्हा मांडतं आणि फरक थकबाकीत देतं. ही मांडणी स्वतः करून बघा.

अपंगत्वामुळे स्थिर नोकरीच करता येत नसेल तर त्यासाठीची वेगळी तरतूद म्हणजे टीडीआययू, फॉर्म २१-८९४०. मंजूर झालं तर १०० टक्क्यांच्या दराने पैसे. सर्वसाधारण उंबरठा: एकच दुखणं ६० टक्के, किंवा एकत्र ७० आणि त्यात निदान एक ४०. टक्केवारीचं अपील चालू असेल तर टीडीआययूचा प्रश्न त्याच अपीलचा भाग ठरू शकतो, म्हणून कुठे मांडायचा ते प्रतिनिधीला विचारा.

बोर्डाकडे वय ७५ किंवा त्याहून जास्त, गंभीर आजार किंवा आर्थिक अडचण यावरून नंबर पुढे घ्यायची विनंती करता येते. प्रादेशिक कार्यालयातल्या क्लेमसाठी फॉर्म २०-१०२०७ आहे, त्याच्या अटी वेगळ्या: वय ८५, बेघर असणं, मरणासन्न आजार वगैरे. आणि कुणाला बोलायला आवडत नाही अशी एक गोष्ट घरी सांगून ठेवा: क्लेम किंवा अपील चालू असताना सैनिकाचं निधन झालं तर पात्र वारसाला फॉर्म २१पी-०८४७ भरून त्याच्या जागी उभं राहता येतं, मृत्यूपासून एका वर्षाच्या आत.

निकाल आला आणि एकत्र टक्केवारी ३० किंवा त्याच्या वर गेली की अवलंबितांसाठी वाढीव रक्कम मिळते. बायको-मुलांसाठी फॉर्म २१-६८६सी, निकालपत्रापासून वर्षाच्या आत. आईवडील आर्थिकदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असतील तर तेही यात बसतात, फॉर्म २१पी-५०९. त्यात त्यांचं उत्पन्न आणि मालमत्ता दाखवावी लागते. दर महिन्याला घरी पाठवलेल्या पैशांच्या बँकेच्या पावत्या आत्तापासून एका ठिकाणी ठेवा.